नाकवाल्यांचे टोमॅटो

"अकरा!" नाकवाल्यांनी चिमटीत धरलेला हिरवा ढेकूण डब्याच्या काठावर चिरडला आणि ते बाराव्याच्या शोधाला लागले. "लपतोस? माझ्याच टोमॅटोचा रस पितोस आणि माझ्यापासूनच लपतोस?"

"अहो, हळू. खाली माणसं झोपलीत," गच्चीच्या दारातून बायको म्हणाली. तिनं नाकाला रुमाल लावला होता.

"झोपू देत. हे हरामखोर उठलेत ना!"

हे ढेकूण गादीतले नव्हेत, झाडावरचे. अंगठ्याच्या नखाएवढे, ढालीसारख्या पाठीचे, रंग अगदी पानाचा. टोमॅटोत सोंड खुपसून रस ओढतात. वरून नुसता पिवळट ठिपका दिसतो आणि फळ कापलं की आत पांढरी, चिवट गाठ निघते. माणसाची चाहूल लागली की देठाच्या पलीकडे सरकतात, आपण पलीकडे गेलो की अलीकडे येतात, आणि बोट लागलं की टपकन मातीत पडून मेल्याचं सोंग घेतात. म्हणून त्यांना ऊन चढायच्या आत, अंग आखडलेलं असतानाच गाठायचं. खाली साबणाच्या पाण्याचा मग धरायचा आणि फांदीला टिचकी मारायची. रोपवाटिकेतल्या माणसानं ही रीत दोनदा समजावून सांगितली होती. पण बुडवून मारण्यात नाकवाल्यांचं समाधान होत नव्हतं. त्यांना चिरडायचेच होते, तेही उघड्या बोटांनी. साबणाच्या पाण्याचा तो मग शेजारी नावापुरता ठेवलेला असे.

रंगाच्या रिकाम्या डब्यांत सात झाडं होती. गेली नऊ वर्षं नाकवाले गच्चीवर टोमॅटो लावत होते आणि त्या टोमॅटोंची इमारतभर तारीफ होती. यंदा मात्र त्यांना चवच नव्हती. पहिलं लालबुंद फळ नाकवाल्यांनी मोठ्या हौसेनं चिरलं, मीठ भुरभुरवलं, तोंडात टाकलं आणि ओला कापूस चघळल्यासारखं त्यांचं तोंड झालं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. त्याच आठवड्यात त्यांना पानाखाली ढेकणाची अंडी दिसली, बारीक पिंपं रांगेत मांडून ठेवावीत तशी. झालं! चोर सापडला. ढेकणांनी चव पिऊन टाकली, असा निकाल नाकवाल्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकवला, आणि त्या दिवसापासून रोज पहाटे गच्चीवर ही मोहीम सुरू झाली.

नाकवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहराच्या गॅस कंपनीत दुरुस्ती खात्यात त्यांची एकोणतीस वर्षं झाली होती. गॅसला मुळात वास नसतो. गळती झाली तर लोकांना कळावं म्हणून कंपनीच त्यात मुद्दाम एक घाण वास मिसळते, आणि तो वास कुठून येतो हे हुडकून काढायचं, ही नाकवाल्यांची नोकरी. त्यांचं नाक म्हणजे दंतकथाच होती. एकदा म्हणे चहा पिता पिता त्यांनी समोरच्या फुटपाथखालची फुटलेली नळी ओळखली होती. कंपनीनं दोन वर्षांपूर्वी प्रत्येकाला गळती दाखवणारं पिवळं यंत्र दिलं, तेव्हा नाकवाल्यांनी ते पिशवीच्या तळाशी जे घातलं ते घातलंच. "यंत्राला सर्दी होत नाही," खात्याच्या मॅडम म्हणाल्या होत्या. "अक्कलही नसते," असं नाकवाल्यांनी तिथल्या तिथे सुनावलं होतं. खात्याचा एक नियम मात्र यंत्र येण्याआधीपासूनचा होता. ज्याला वास येईनासा झाला त्यानं घरोघरी जायचं नाही, त्याची रवानगी गोदामात, नट आणि वायसर निवडायला. तिथे दोन माणसं होती. नाकवाले त्यांच्याशी बोलताना आवाज जरा मऊ करत, आजाऱ्याशी बोलावं तसा.

सोळा ढेकूण मारून ते खाली आले आणि टेबलाशी बसले. बायकोनं चहा ठेवला, टोमॅटोच्या फोडी ठेवल्या आणि स्वतःची खुर्ची खिडकीकडे सरकवली.

"हात धुवा आधी."

"धुतले."

"परत धुवा. अजून येतोय."

"कसला येतोय?"

"ढेकणांचा, आणखी कसला! दाराच्या कडीलासुद्धा लागलाय."

"साबणानं धुतलेत. आता काय कातडी काढून ठेवू?" नाकवाल्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि बशी ढकलून दिली. "बघ! पुन्हा तेच. ना आंबट ना गोड."

बायकोनं त्याच बशीतली फोड खाल्ली. "चांगला गोड आहे की."

"तुला काय कळतंय! सहा-सात महिने झाले, तुझ्या भाजीलाही चव नसते. मी बोलत नाही म्हणून."

"बोलत नाही?" बायकोनं कप खाली आदळला. "रोज बोलता! हिवाळ्यात ती सर्दी झाली तेव्हापासून एक दिवस धड जेवला नाहीत. मीठ कमी, मसाला जुना, तेल बदललं का! तीन दुकानं बदलली मी तुमच्यासाठी. माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो तर तिच्या देखत म्हणालात, हिच्या हाताची चव गेली."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा होता.

"तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शिवणकामवाल्या ताई," मॅडम म्हणाल्या. "परवापासून हा त्यांचा तिसरा फोन. तुम्ही पाहून आलात ना?"

"आलो. काही नाही तिथे. त्या बाईला भास होतोय."

"यंत्र लावलं होतं?"

"मॅडम, मी स्वतः पाहिलंय म्हटल्यावर..."

"यंत्र लावलं होतं का, एवढंच विचारतेय."

"काल जन्मलेल्या यंत्राला विचारून मी आता कामं करू? तपासणीच्या कार्डावर लिहिलंय, गळती नाही. खाली सही आहे माझी!" त्यांनी फोन ठेवला आणि राग बायकोवर काढला. "एकेकाची नाकं म्हणजे! एक तिकडे ओरडतेय गॅसचा वास येतो, एक इकडे ओरडतेय ढेकणांचा येतो. एकोणतीस वर्षं वासावर भाकरी खाल्ली मी. मला येत नाही म्हणजे तो नाहीये!"

बायको उठली. गच्चीवर गेली आणि परत आली ती एका कागदावर चिरडलेले पाच-सहा ढेकूण घेऊन. एका हातानं स्वतःचं नाक दाबून तिनं तो कागद नाकवाल्यांच्या तोंडासमोर धरला.

"घ्या. ओढा."

"काय पोरखेळ लावलायस!"

"ओढा म्हणते ना!"

नाकवाल्यांनी वास ओढला. चिडून, तिला दाखवून द्यायचं म्हणून, पण धंद्यातल्या सवयीनं ओढला, आधी तीन आखूड श्वास आणि मग एक लांब. नुसती गार हवा आत गेली. त्यांनी कागद हातात घेतला, ओठाला टेकेल इतका जवळ आणला आणि पुन्हा ओढला. हिरव्या ढेकणाचा वास कसा असतो हे त्यांना पाठ होतं, कडवट, उग्र, कोथिंबीर नासल्यासारखा. डोक्यात तो अगदी जसाच्या तसा होता. कागदावर मात्र काहीच नव्हतं.

"आला?" बायकोनं विचारलं.

फडताळ उघडून त्यांनी लवंगांची बाटली काढली, मग व्हिनेगर, मग फरशी पुसायचं औषध. एकेक झाकण उघडून नाकाशी नेलं आणि तसंच उघडं ओट्यावर ठेवलं. औषधानं डोळ्यांना पाणी आलं, नाकात झोंबलं, पण वास असा नाहीच. मग ते शेगडीपाशी गेले, काडी न लावता बटण फिरवलं आणि वाकले. गॅस सुटल्याचा सूं आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. बायकोनं येऊन बटण बंद केलं आणि खिडकी सताड उघडली.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"मला काही आलं नाही," नाकवाले म्हणाले. "गॅससुद्धा."

बायकोला वाईट वाटलं असेल, नाही असं नाही, पण आधी आला तो रागच, आणि तो तिनं दाबला नाही. "म्हणजे माझ्या हाताची चव गेली नव्हती," ती म्हणाली. "सात महिने अन्नाला नावं ठेवलीत माझ्या. आणि मी वेड्यासारखी मसाले बदलत बसले."

"हो."

"नुसतं हो?"

त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते पिशवी उपसत होते. पाने, पक्कड, पांढऱ्या टेपची रिळं जमिनीवर पडली आणि तळाशी तो पिवळा डबा मिळाला. कार्डाची प्रत वरच्या कप्प्यात होती. गळती नाही. खाली झोकदार सही. ती सही बघून त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कार्डावरचा नंबर त्यांनी लावला.

"ताई, मी गॅस कंपनीतून बोलतोय. शेगडी पेटवू नका. मीटरजवळची मोठी चावी आडवी करा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. लावलेला असेल तर तसाच राहू द्या. तुमच्या आईंना घेऊन जिन्यात बसा."

"का बरं?" पलीकडून शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या. "मला तर भास होत होता ना?"

"ताई, आधी चावी बंद करा. शिव्या मी आल्यावर द्या."

मग त्यांनी मॅडमना फोन केला. काय झालं ते एका वाक्यात सांगितलं. नाकवाल्यांना वाटलं होतं त्या ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हिवाळ्यापासूनची तुमची कार्डं बाजूला काढायला लावते," त्या म्हणाल्या. "किती असतील?"

"दिवसाला पाच-सहा धरा," नाकवाले म्हणाले.

ते ताईंच्या इमारतीत पोहोचले तेव्हा ताई तिसऱ्या मजल्याच्या दारात उभ्या होत्या, हाताची घडी घालून, गळ्यात मोजायची टेप. त्यांची म्हातारी आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उशी टाकून बसली होती. नाकवाल्यांनी यंत्र चालू केलं आणि आत पाऊल टाकलं. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. खिडकीपाशी शिलाई मशीन होतं आणि त्याची मोटर काढून खाली फडक्यावर ठेवलेली होती.

"ठिणगी उडेल म्हणून काढली," मागून ताई म्हणाल्या. "तीन दिवस पायानं चालवतेय. गुडघे बघा माझे, सुजलेत. इस्त्री शेजारणीकडे करून आणतेय. एका लग्नाचे अकरा कपडे द्यायचेत परवा."

नाकवाले स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली यंत्र नेलं तशी त्याची टकटक वाढली. कपाटाच्या मागे भिंतीतून नळी बाहेर येते तिथे नेलं आणि ते किंचाळायलाच लागलं; चावी बंद होती तरी नळीत उरलेला गॅस तिथून झिरपत होता. त्या जागेपाशी दोन दिवसांपूर्वी ते गुडघे टेकून बसले होते, नाक भिंतीला लावून. त्यांनी नळीच्या जोडाचा आटा सोडवला, टेप गुंडाळली, पुन्हा आवळला. जिन्यात जाऊन चावी उघडली, जोडावर ब्रशनं साबणाचा फेस लावला आणि बुडबुडा येतोय का ते बघितलं. बुडबुडा आला नाही. यंत्रही गप्प झालं.

ताई दाराला टेकून सगळं बघत होत्या. "त्या दिवशी हे यंत्र का नाही आणलंत?"

"आणलं होतं. पिशवीत होतं."

"पिशवीत!"

"ताई, माझं नाक गेलंय. त्या दिवशीही गेलेलंच होतं. मला माहीत नव्हतं."

"आणि मला काय म्हणालात ते आठवतंय? म्हणालात, दिवसभर एकट्या मशीनवर वाकून बसता, असं होतं बायकांना." ताईंचा आवाज चढला नव्हता. "बायकांना! तुम्ही गेलात आणि माझ्या आईनं तेच धरून ठेवलं. गॅसवाले सांगून गेले, तुला भास होतो. खिडक्या उघडल्या की ती बंद करायची. काल रात्री भावाला फोन करून सांगितलंन, हिला डॉक्टरकडे ने. माझ्याच घरात मी खोटी पडले, तुमच्या एका सहीमुळे."

नाकवाल्यांनी खिशातून कार्ड काढून 'गळती नाही' वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, गळती होती. काय बिघडलं होतं, काय केलं, तेही लिहिलं. मग ते ओट्यापासून बाजूला झाले.

"यंत्रानं सांगितलंय, आता नाहीये. पण तुम्ही एकदा वास घ्या. तुम्ही म्हणाल ते लिहितो."

ताई वाकल्या. जोडापाशी, मग कपाटाच्या कोपऱ्यात. घाई केली नाही. "नाही येत," त्या म्हणाल्या. नाकवाल्यांनी ते कार्डावर लिहिलं आणि ताईंना सही करायला दिलं. सही करून ताईंनी पेन परत दिलं नाही.

"माझं कार्डावर नाही भागणार," त्या म्हणाल्या. "जिन्यात जाऊन माझ्या आईला सांगा."

म्हातारीला कमी ऐकू येत होतं. नाकवाले तिच्या खालच्या पायरीवर उभे राहिले. "आजी, तुमच्या मुलीला भास झाला नव्हता."

"मोठ्यानं बोला."

"भास झाला नव्हता! गॅस खरंच गळत होता!"

"गळत होता? मग परवा कोण ते आले होते, नाकवाले म्हणतात ना त्यांना, ते तर नाही म्हणून गेले. त्यांचं नाक सगळ्या गावात..."

"तो मीच, आजी. मी चुकीचं सांगितलं."

"काय? मोठ्यानं हो!"

जिना अरुंद होता, वर-खाली आठ दारं होती आणि प्रत्येक दारामागे त्यांना ओळखणारं कुणीतरी होतं. घाबरत, पुटपुटत सांगायची सोय म्हातारीच्या कानांनी ठेवलीच नव्हती.

"माझं नाक गेलंय, आजी!" ते ओरडले. "हिवाळ्यापासून मला वास येत नाही! तुमची मुलगी खरं बोलत होती आणि मी खोटं लिहून गेलो!"

आवाज पार तळमजल्यापर्यंत गेला. म्हातारीनं आधी त्यांच्याकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. "अगं, मग तू मला सांगायचं नाहीस का?"

"सांगत होते, आई," ताई म्हणाल्या. "तीन दिवस सांगत होते." आणि उशी उचलून, आईला हात देऊन त्या तिला आत घेऊन गेल्या. पेन त्यांनी जाता जाता कठड्यावर ठेवलं.

नाकवाले पिशवी घेऊन खाली उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं होतं. ओल्या हातांची एक बाई त्यात उभी होती. या बाईच्या घरी ते जात तेव्हा ती हसून म्हणायची, नाकवाले, जाता जाता आमचाही एक वास घेऊन जा. आज ती हसली नाही.

"आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला आला होतात," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, सकाळी सकाळी जरा वास येतो. तुम्ही काही नाही म्हणालात."

"म्हणालो होतो."

"मग मी ते काय समजायचं? चार महिने झाले. घरात लहान मूल आहे माझ्या." तिनं ओले हात पदराला पुसले. "काय समजायचं, सांगा ना!"

नाकवाल्यांनी पिशवी जमिनीवर टेकवली, वाकून पिवळं यंत्र बाहेर काढलं आणि त्याची नळी सरळ केली. "शेगडी बंद करा. खिडक्या उघडा," ते म्हणाले. "बाळाला इकडे बाहेर आणा."

ती जागची हलली नाही. दार तिनं हातानं अर्धवट धरून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरही कुणीतरी कडी काढली.

"पुन्हा तुम्हीच बघणार?" तिनं विचारलं.

"यंत्र बघणार," नाकवाले म्हणाले. "मी नुसता धरणार."

तेव्हा ती दारातून बाजूला झाली.